दोन फूट वजा

“आकडा, ताई?”

“थांब जरा. लाट बसू दे.”

पट्टीवालीने खोलीच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. धक्क्याच्या शेवटच्या खांबाला ठोकलेली काळ्या-पांढऱ्या खुणांची उंच पट्टी खाली पाण्यात उभी होती. लाट चढली तेव्हा पाणी नऊ फूट सातवर गेलं, उतरली तेव्हा नऊ फूट एकवर आलं. मधला आकडा नऊ चार. त्यातून दोन फूट वजा. तिने रिसीव्हर तोंडाशी नेला.

“सात फूट चार इंच.”

“सात चार,” पलीकडचा आवाज म्हणाला आणि त्याला नेहमीची उबळ आली.

“मिठाच्या गुळण्या कर म्हणून हिवाळ्यापासून सांगतेय. भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना भिंत बरी झाली असती.”

“तोफेचा धूर आहे ताई, गुळण्यांनी नाही जायचा.”

“वर्ष झालं तोफ उडवून. कसला धूर?”

“मग आठवणीचा असेल.”

या माणसाचा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. बंदराच्या तोंडाशी डोंगर, डोंगराच्या कमरेवर दोन लांब नळ्यांच्या तोफा, आणि त्यांच्यामागे जमिनीत खणलेल्या खोलीत फोनजवळ बसलेला हा. ती त्याला खोकल्या म्हणायची आणि तो ओ द्यायचा. लढाई सुरू झाली तेव्हा पट्टी वाचायचं काम तिच्याकडे आलं, कारण चाळीस वर्षं ती वाचणारा तिचा सासरा नुकताच गेला होता आणि लाटेतला मधला आकडा कसा पकडायचा हे त्याने घरात फक्त सुनेला शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी तिने फोनवर विचारलं होतं, “गोळे मारणार तुम्ही जहाजावर. माझं पाणी तुम्हाला कशाला?”

“असं बघा,” खोकल्याने समजावलं होतं, “आमची दुर्बीण डोंगरावरून खाली वाकते आणि जहाजाच्या बुडाला पाणी जिथे लागतं तिथे बघते. किती वाकली त्यावरून जहाज किती लांब ते कळतं. पण पाणी चढलं की आमचा डोंगर बुटका होतो. किती बुटका झाला ते तुम्ही सांगायचं. दोन फूट चुकलात तर तीन मैलांवर गोळा शंभर पावलं भलतीकडे.”

तेव्हापासून दर दहा मिनिटांनी ती डोंगराची उंची सांगत आली होती. गेल्या वर्षीच्या सरावात तिच्याच आकड्यावर त्यांनी समुद्रात ओढत नेलेला लाकडी तराफा पहिल्या गोळ्यात उडवला होता. त्या दिवशी खोकल्या फोनवर इतका हसला की खोकता खोकता बेजार झाला.

आत्ता तिने रिसीव्हर ठेवला, आणि भोंगा वाजला.

सरावाचा भोंगा तुटत तुटत वाजतो. हा तुटला नाही. फोन लगेच खणखणला.

“ताई,” खोकल्या म्हणाला. आवाजात खोकला नव्हता. “खरा आहे. तीन जहाजं आहेत, त्यातलं एक थोराड. आता दर पाच मिनिटांनी आकडा.”

धक्क्यावर पळापळ झाली. हमालांनी पोती जागच्या जागी टाकली. वसाहतीकडून बायका पोरं उचलून डोंगराखालच्या बोगद्याकडे धावत होत्या. त्यांच्यात तिची सासू असणार, आणि सासूच्या कडेवर तिची तीन वर्षांची टिल्ली. सासूच्या एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात घासलेटचा स्टोव्ह असेल, याची तिला खात्री होती. स्टोव्ह सोडून म्हातारी स्वर्गातही गेली नसती.

मग टग आली, जहाजं ओढणारी ती छोटी आगबोट.

बंदराच्या तोंडाशी पाण्यात लोखंडी जाळं पसरलेलं होतं, मध्ये एक फाटक. शत्रू दिसला की ते फाटक ओढून बंद करायचं. ते काम या टगचं, आणि टगच्या चाकावर तिचा नवरा. धक्क्याजवळून जाताना त्याने डोक्यावरची टोपी काढून हात उंच केला.

“टिल्ली?”

“आईंबरोबर! बोगद्यात!”

त्याने मान हलवली, टोपी घातली आणि पट्टीच्या समोर येताच दोन्ही हात चाकावर ठेवून, मान ताठ करून, शाळेतल्या फोटोला बसावं तसा समोर बघत राहिला. ती हसली. अशा वेळीही हसली. दोन वर्षं हा त्याचा विनोद चालला होता: पट्टीपाशी आला की दोन्ही हात चाकावर. “बघून घे गं. नंतर म्हणशील एक सुटला होता.”

दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी तो एक हात खरंच सुटला होता. टिल्ली तेव्हा वर्षाची. आईने तिला खिडकीत उभं धरलं होतं आणि पोरगी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हात हलवून टाटा करत होती. बापाला भान राहिलं नाही. तो वळून वळून हात हलवत राहिला आणि टगचं नाक शेवटच्या खांबावर आदळलं. बोल्ट वाकले, पट्टी सरकली आणि खालचं टोक चिखलात रुतून बसलं. ओहोटीला दोघांनी छातीभर पाण्यात उतरून ती खांद्यांनी उचलून पाहिली. हलेना. शेजारच्या खांबावरच्या शेवाळाच्या जुन्या रेघेशी ताडून पाहिलं, तर बरोबर दोन फूट खाली.

कळवायचं म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी क्रेनवाल्याच्या हातून तोफखान्याची फोनची तार चुकून तुटली होती. लढाईच्या दिवसांत चूक हा शब्द कागदावर नसतो. त्याला नेलं ते नेलंच. त्याची बायको अजून दर आठवड्याला तुरुंगाच्या दारावर डबा घेऊन जात होती आणि डबा तसाच परत आणत होती.

शेवटी सासूने घरून हातोडा आणि खिळे आणले. “आपलं माणूस आधी झाकायचं,” ती म्हणाली, “मग झोडायचं.”

“झोडणार कधी ते सांगा,” पाण्यातून नवरा म्हणाला, “तेवढा वेळ बुडी मारून बसतो.”

खिळे ठोकताना त्याने पट्टी धरली होती. थंडीने त्याचे ओठ निळे पडले होते. “दोन फुटांचं काय घेऊन बसलीस? वाचायचं आणि मनात वजा करायचं. तुझं गणित माझ्यापेक्षा बरं आहे.”

गणित बरंच होतं. दोन वर्षांत ती एकदाही चुकली नाही.

आठ दिवसांपूर्वी मात्र डोंगरावर नवीन अधिकारी आले. चष्मेवाले साहेब, असं खोकल्या म्हणायचा. रात्री झोपतानाही चष्मा काढत नाहीत, स्वप्नं नीट दिसावीत म्हणून. आल्याच्या तिसऱ्या दिवशी ते स्वतः फोनवर आले होते.

“बाई, तुम्ही पट्टीवर दिसतो तोच आकडा सांगता ना? जसाच्या तसा?”

तिच्या डोळ्यांपुढे क्रेनवाल्याचा डबा. “हो साहेब,” ती म्हणाली होती, “जसाच्या तसा.”

“शाबास,” म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

पहिला गोळा पाण्यात पडला. बंदराच्या आत, रिकाम्या जागी. पाणी झाडासारखं वर गेलं आणि कोसळलं. दुसरा क्रेनवर पडला. क्रेन गुडघ्यांत मोडल्यासारखी वाकली आणि खाली उभ्या असलेल्या ट्रकवर बसली. ट्रकमध्ये दोघं होते. ते उतरले नाहीत.

डोंगरावरून आपल्या तोफा बोलल्या. त्यांचा आवाज कानांनी ऐकायचा नसतो, तो दातांत ऐकू येतो. खोलीच्या काचा एकदम गेल्या. तिने मनगटाने चेहरा पुसला, मनगट लाल झालं, आणि खिडकीतून वाकून आकडा घेतला. लाटा आता वेड्यासारख्या येत होत्या. हादऱ्यांनी मेलेले मासे पोटं वर करून पट्टीभोवती गोळा झाले होते. वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मधला.

“सात आठ!”

“सात आठ! ताई, ठीक आहात?”

“मला काय धाड भरलीय! लागतायत का रे?”

“दिसत नाही! वारा जमिनीवरून आहे, त्यांच्या तोफांचा धूर त्यांच्याच पाठी साचलाय. जहाजाच्या अलीकडे एकही पडत नाहीय, आणि लागतही नाहीय.”

धान्याच्या गोदामाचं छप्पर उडालं. तेलाच्या टाकीवर एक पडला आणि धक्क्याच्या त्या टोकाला दिवसाढवळ्या दुसरा दिवस उगवला. आगीतून माणसं पळत बाहेर येत होती. काही जण पळताना पेटलेले होते आणि पाण्यात उड्या टाकत होते. पाण्यावरही तेल होतं. तिने तिकडे पाहायचं थांबवलं. थांबवलं म्हणजे मान वळवली. कान वळवता येत नाहीत.

दारात काहीतरी घासल्याचा आवाज आला. एक हमाल कोपरांवर सरकत येत होता. हाच तो, जो दुपारी पायऱ्यांवर बसून टिल्लीला शिट्टीवर गाणी वाजवून दाखवायचा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

“वहिनी,” तो अगदी शांतपणे म्हणाला, “माझा बूट कुठे पडला बघता का?”

तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याच्या मांडीभोवती आवळला. रक्त कोमट होतं. बाळाला न्हाऊ घालायला पाणी कोमट करतात तसं, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. पहिली गाठ बसली. दुसरी घेणार तोच फोन वाजला.

“हे घट्ट धर. दोन्ही हातांनी. सोडू नकोस, मी आलेच.”

ती खिडकीशी गेली. चढ, उतार, मधला. नऊ फूट दहा. फोनवर खोकल्याचा आवाज वेगळाच येत होता, मोकळ्यावर उभं राहून ओरडल्यासारखा.

“फोनची खोली गेली, ताई! फोन घेऊन साहेबांच्या शेजारीच उभा आहे, दुर्बिणीपाशी. बोला!”

“सात फूट दहा!”

“साहेब, सात दहा!”

आणि मग, खोकल्याच्या खांद्यावरून, चष्मेवाल्या साहेबांचा आवाज तिने स्पष्ट ऐकला:

“सात दहा. दोन वजा. पाच दहा. दुर्बीण लावा!”

फोन बंद झाला.

ती रिसीव्हर धरून उभी राहिली. समोरच्या घड्याळात आठ वाजले होते. दोन वजा. कोणते दोन? मग हळूहळू, पाणी चढावं तसं तिच्या ध्यानात आलं. साहेबांनी पट्टी मोजली होती. रात्री ती घरी गेल्यावर असेल. मोजली, दोन फूट खाली सापडली, आणि कागदपत्रांच्या भानगडीत न पडता त्यांनी वरच्या वर हिशेब दुरुस्त केला. म्हणून तर विचारलं होतं, जसाच्या तसा ना? ती हो म्हणाली होती. ती इथे दोन काढत होती आणि ते तिथे दोन काढत होते. पाच-सहा दिवस. डोंगर होता त्यापेक्षा दोन फूट उंच झाला होता आणि प्रत्येक गोळा जहाजावरून शंभर पावलं पलीकडे, त्यांच्या धुरात जाऊन पडत होता.

ती वळली. हमालाचे हात रुमालावरून निसटले होते. तो दाराच्या चौकटीला डोकं टेकून बूट शोधत असल्यासारखा जमिनीकडे बघत होता. तिने गाठ पुरी केली. मग तिला कळलं की ती मेलेल्या माणसाला बांधते आहे.

फोनचं हँडल फिरवायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. पण सांगायचं म्हणजे पट्टी कधी सरकली, कशी सरकली, कुणी ठोकली. जाळ्याच्या फाटकाशी टग दिसत होती. फाटक अर्ध्याहून जास्त ओढून झालं होतं. दुपारपर्यंत तो परत येईल, आणि धक्क्यावर शिपाई उभे असतील. नाही. दुसरी वाट होती. तिने वजा करायचंच थांबवलं तर? पट्टीवरचा आकडा तसाच सांगायचा, साहेब दोन काढतील आणि हिशेब बरोबर होईल. कुणाला काही कळायचं नाही. झाकलेलं झाकलेलंच राहील.

पुढची पाच मिनिटं कशी गेली ते तिला कधीच नीट आठवलं नाही. घड्याळाचा काटा तेवढा आठवतो. बोगद्याच्या तोंडापाशी एक गोळा पडला, मातीचा ढग उठला, आणि तो खाली बसून बोगद्याची कमान शाबूत दिसेपर्यंत ती श्वास घ्यायची विसरली.

फोन वाजला. “आकडा!”

“नऊ फूट अकरा.”

“किती?”

“नऊ अकरा! नऊ!”

“साहेब, नऊ अकरा म्हणतायत.”

“पाच मिनिटांत दोन फूट?” साहेबांचा आवाज चिरकला. “समुद्र आहे की न्हाणीघर? घाबरल्यात बाई. सोडून द्या. मागचाच आकडा धरा, एक इंच मिळवा.”

“नाही, ऐक, ऐक माझं...”

फोन बंद झाला होता.

तीन वर्षांत तिचा एकही आकडा कुणी टाकून दिला नव्हता. तिने हँडल फिरवलं. घंटी वाजत राहिली. पुन्हा फिरवलं. खिडकीतून समोर फाटक दिसत होतं. टग शेवटच्या दोराला ताण देऊन तिरपी झाली होती. तिच्या एका अंगाला पाणी उसळलं, मग दुसऱ्या अंगाला. नेम जवळ येत होता. ते लोक तिकडून बरोबर मोजत होते. त्यांचा पाणी मोजणारा नीट काम करत होता.

“उचल,” ती म्हणाली. “उचल रे. खोकल्या, उचल.”

टगच्या चिमणीच्या जागी पांढरं पाणी उभं राहिलं. मग काळा धूर. मग धूर वाऱ्याने बाजूला झाला, तेव्हा टग कुशीवर वळली होती आणि फाटक बंद होतं. दोर ताठच होता. बुडालेल्या टगच्या वजनानेच ते फाटक आता ओढून धरलं होतं. पाण्यावर कुणीही पोहत नव्हतं. ती एका वेळी एक लाट बघत गेली, पट्टी वाचावी तशी. कुणीही नव्हतं.

“ताई?” कानात आवाज आला. “वेळ झाली नाही अजून. इकडे एक तोफ गेली, माणसं...”

“पट्टी दोन फूट खाली आहे.” आपला आवाज इतका कोरडा कसा, याचं तिला नवल वाटलं. “दोन वर्षं. मी मनात वजा करून सांगते. साहेब परत वजा करतायत. गोळे पलीकडे जातायत तुमचे. मघाचा आकडा खरा होता.”

पलीकडे रिसीव्हर हातातून हातात गेला. मग साहेब आले.

“मी विचारलं होतं तुम्हाला. विचारलं होतं की नाही?”

“हो.”

“कुणी हलवली पट्टी?”

तिने फाटकाकडे पाहिलं. ज्याचं नाव झाकायचं होतं त्याला आता कुणी शिपाई नेऊ शकत नव्हता. नाव घेतलं असतं तर तिच्यावरचं सगळं उतरलं असतं.

“मी,” ती म्हणाली. “होडी बांधताना. बाकीचं नंतर विचारा साहेब. आत्ता पट्टीवर दहा फूट आहे. तुम्ही एकदाच वजा करा.”

उरलेल्या एका तोफेचा पहिला गोळा जहाजाच्या पुढ्यात पडला. दुसरा बुडाशी. तिसऱ्यानंतर थोराड जहाजाच्या मध्यातून आग बाहेर आली आणि मग आवाज आला, आणि आवाज येईपर्यंत जहाज मधोमध वाकलं होतं. त्यावरून ठिपके पाण्यात पडत होते. ते ओरडत असतील. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. बाकीची दोन जहाजं वळली.

तिने दहा एक सांगितलं, मग दहा दोन. बारा वाजेपर्यंत ती आकडे सांगत राहिली, कारण थांबा असं कुणी म्हणालं नव्हतं.

बोगद्यात सासू भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर टिल्ली झोपलेली, शेजारी स्टोव्ह. सुनेच्या अंगावर तेल, काजळी आणि हमालाचं रक्त होतं. सासूने तिच्याकडे पाहिलं. फाटक बंद झाल्याची आणि टग गेल्याची बातमी बोगद्यात तिच्याआधी पोचली होती.

“मला आठ वाजता कळलं होतं,” सून म्हणाली. “आठलाच सांगितलं असतं तर आई, तर कदाचित...”

म्हातारीचा हात उठला. गालाजवळ आला, तिथेच थांबला. मग तिने आपल्या लुगड्याचं टोक थुंकीने ओलं केलं आणि सुनेच्या तोंडावरची काजळी पुसायला लागली. जोरजोरात, कातडी निघेल इतक्या जोरात.

“हातोडा मी आणला होता,” ती म्हणाली. “गप्प बैस. पोरगी उठेल.”

तीन आठवड्यांनी चष्मेवाले साहेब धक्क्यावर आले. एक हात गळ्यात बांधलेला, चष्म्याची एक काच तडकलेली. त्यांच्यामागे एक बुटका, टक्कल पडलेला, पन्नाशीचा माणूस होता. तो दारात थांबला आणि खोकला.

“तू होय!” पट्टीवाली म्हणाली.

“मीच,” तो म्हणाला आणि खाली बघायला लागला. “गुळण्या चालू केल्यात, ताई.”

साहेब खिडकीतून खाली पाहत होते. दोन माणसं पाण्यात उतरून नवी पट्टी ठोकत होती.

“मी मोजलं आणि तुम्हाला सांगितलं नाही,” साहेब म्हणाले. “सांगितलं असतं तर तुम्हीही सांगितलं असतं. कदाचित.”

“कदाचित,” ती म्हणाली. खोटं बोलायचं आता तिला जमत नव्हतं.

“कागदावर लिहिलंय की गोळ्याच्या हादऱ्याने पट्टी सरकली. जुनी पट्टी जळाऊ लाकडात गेली.” त्यांनी तडकलेला चष्मा नाकावर सारला. “होडी बांधताना पट्टी दोन फूट सरकत नाही, बाई. एवढं मला कळतं.”

 त्यांनी पुढे विचारलं नाही. जाताना खोकल्याने खिशातून एक जोडी लाल मोजे काढून टेबलावर ठेवले, टिल्लीच्या मापाचे. एक मोजा दुसऱ्यापेक्षा लांब होता. स्वतः विणले असावेत.

दुसऱ्या सकाळी सासूला दवाखान्यात जायचं होतं म्हणून टिल्ली धक्क्यावरच्या खोलीत होती. खोलीला नव्या काचा बसल्या होत्या. फोन वाजला.

“आकडा, ताई?”

नवी पट्टी सरळ, ताज्या रंगाची. लाट वर गेली, खाली आली. मधला आठ फूट सहा. त्यातून दोन... तिचे ओठ हलले, आणि थांबले.

“ताई?”

“आठ सहा,” ती म्हणाली. “आठ फूट सहा इंच.”

“आठ सहा,” खोकल्या म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बंदराच्या आतून नवी टग येत होती. फाटकाशी दुसरं जाळं लावायचं काम सुरू होतं, तिकडे ती निघाली होती. चाकावर कुणी परगावाहून आलेला तरुण होता. टिल्ली स्टुलावर चढली, खिडकीला नाक लावलं आणि चिमणी दिसताच दोन्ही हात हलवायला लागली.

“बाबाची! बाबाची!”

आईने तिला मागून धरलं, पडू नये म्हणून. तरुणाचे दोन्ही हात चाकावर होते. तो समोर बघत होता, आणि टग पट्टीपासून चांगली पाच हात लांबून गेली.